सोसायटीचं इंटरनेट : कुणाला, कशासाठी आणि किती?

बेळगाव : शहापूर, वडगाव, टिळकवाडी, खानापूर, निपाणी, कुठेही जा, गल्ली-पेठेत एक तरी क्रेडिट सोसायटी असतेच. आत शिरलं की लक्ष्मीचा फोटो, संस्थापकांचा फोटो, ठेवींच्या व्याजदराचा फलक आणि आताशा काउंटरच्या काचेला चिकटवलेला एक कागद : वाय-फायचा पासवर्ड. बहुतेक ठिकाणी तो सोसायटीचं नाव आणि पुढे १२३ असा असतो. सभासदांची सोय व्हावी हा हेतू चांगलाच आहे. पण ज्या राऊटरवर पिग्मीवाल्याचा मोबाईल, वाट बघत बसलेल्या सभासदाच्या पोराचा गेम आणि चेअरमन साहेबांचा लॅपटॉप चालतो, त्याच राऊटरवर कॅश काउंटरचा संगणकही चालतो. आणि त्या संगणकात तुमच्या-आमच्या ठेवींचा हिशेब आहे.

घरात एकच दार असलं तरी चालतं. सोसायटीत चालत नाही. तिथे काउंटरच्या पलीकडे सभासद जात नाही, स्ट्राँगरूममध्ये शिपाई जात नाही, आणि तिजोरीची दुसरी किल्ली मॅनेजरकडे असते. ही शिस्त आपल्या लोकांनी कुठल्या पुस्तकात वाचून आणलेली नाही, व्यवहारातून आली. नेटवर्कवर मात्र तीच माणसं सगळ्यांना एकाच दारातून आत सोडतात, कारण तिथे दार डोळ्यांना दिसत नाही.

ते दार दिसेल असं करणं म्हणजेच वापरकर्त्यांचे गट पाडणं आणि प्रत्येक गटासाठी इंटरनेट वापराचं धोरण ठरवणं. शब्द मोठे वाटतात, पण ज्याने टॅलीत एकदा कंपनी उघडली आहे त्याला हे अर्धं आधीच कळतं.

खतावणीचाच विचार करा

टॅलीत नवं खातं उघडताना पहिला प्रश्न येतो, हे कुठल्या ग्रुपखाली? बँक खात्यांखाली, येणेकऱ्यांखाली की अप्रत्यक्ष खर्चाखाली? एकदा ग्रुप ठरला की ते खातं ताळेबंदात कुठे जाईल हे आपोआप ठरतं. दर खात्यासाठी वेगळा नियम लिहावा लागत नाही. नेटवर्कवरचा गटही तसाच. नियम माणसाला लावायचा नाही, गटाला लावायचा. माणूस गटात येतो आणि गटातून जातो, नियम जागेवर राहतो. नवीन क्लार्क रुजू झाली की तिचं नाव गटात घालायचं, बदली झाली की काढायचं. दहा नियम बदलत बसायला नको.

इथे पहिली गल्लत होते ती गट पाडण्यातच. विचारलं तर उत्तर येतं, ‘एक डायरेक्टर लोकांचा, एक मॅनेजरचा, एक स्टाफचा.’ हे हुद्द्याप्रमाणे झालं. गट कामाप्रमाणे पाडायला हवेत. कॅशियर आणि कर्ज विभागाचा क्लार्क पगारपत्रकात शेजारी-शेजारी असतील, पण एकाचं काम फक्त सोसायटीच्या बँकिंग सॉफ्टवेअरवर चालतं आणि दुसऱ्याला दिवसातून दहा वेळा सातबारा-उतारे, वाहन नोंदणी, आयकर, जीएसटी अशी सरकारी पोर्टलं उघडावी लागतात. दोघांना एकच नियम लावला तर एकाला गरजेपेक्षा जास्त मोकळीक मिळते, नाहीतर दुसऱ्याचं काम अडतं. आणि काम अडलं की दोन दिवसांत कुणीतरी सांगतं, ‘ते सगळं काढून टाका की ओ!’

बारा-चौदा माणसांच्या एका साधारण सोसायटीचं उदाहरण घेऊ. मुख्य कार्यालय, एक शाखा, एक ब्रॉडबँड लाइन. इथे गट कुठले पडतील?

कॅश काउंटर हा पहिला, आणि सर्वात आवळलेला. दुसरा लेखा आणि कर्ज. तिसरा पिग्मी एजंटांचा. थोडं विषयांतर होतंय, पण पिग्मी ही आपल्याच राज्यातली देणगी. उडुपीत सुरू झालेल्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये रोज दारात जाऊन दोन-दोन आणे गोळा करायची ही पद्धत काढली, आणि आज सीमाभागातल्या निम्म्या सोसायट्यांचा श्वास तिच्यावर चालतो. पूर्वी एजंटाकडे पावतीपुस्तक असे, मग हातातलं छोटं मशीन आलं, आता मोबाईल अॅप. संध्याकाळी एजंट येतो, फोन ऑफिसच्या वाय-फायला जोडतो आणि दिवसभराची वसुली सर्व्हरला पाठवतो. हा फोन त्याचा स्वतःचा असतो. त्याच फोनवर त्याने कुठली अॅपं घेतली आहेत, कुठल्या लिंकवर बोट ठेवलं आहे, सोसायटीला माहीत नसतं. गेल्या एक-दोन वर्षांत लग्नपत्रिकेच्या किंवा वाहतूक चलनाच्या नावाने व्हॉट्सअॅपवर एपीके फाइली फिरतात, त्या उघडल्या की फोन दुसऱ्याच्या ताब्यात जातो. तो फोन संध्याकाळी कॅश काउंटरच्या संगणकाशेजारी, एकाच नेटवर्कवर बसतो. म्हणून एजंटांना वेगळा गट, आणि त्या गटाला एकच वाट : वसुलीच्या सर्व्हरपर्यंत. बाकी काही नाही.

चौथा गट सभासद आणि पाहुणे. यातच कर्मचाऱ्यांचे खासगी मोबाईलही घालावेत. हे सांगितलं की स्टाफ नाराज होतो, पण मोबाईलला इंटरनेट मिळतंच आहे, फक्त आतल्या संगणकांपर्यंतची वाट मिळत नाही.

पाचव्या गटाची आठवण कुणालाच होत नाही, कारण त्यात माणसं नाहीत. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र, वाय-फाय प्रिंटर. ही यंत्रं बसवणारा माणूस कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवून जातो. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स काही तास कोलमडल्या होत्या. त्या हल्ल्यात ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने जगभरातले असेच कॅमेरे आणि डीव्हीआर वापरले होते, कारखान्याचे पासवर्ड एकेक करून लावून बघत. चोरावर नजर ठेवायला लावलेला कॅमेराच चोराच्या टोळीत. या यंत्रांना बाहेरच्या इंटरनेटची गरज जवळपास नसते. चेअरमनना घरून कॅमेरे बघायचे असतील तर तेवढी एक वाट ठेवायची, बाकी बंद.

सहावा गट सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसांचा. पुण्याहून नाहीतर हुबळीहून फोन येतो, ‘एनीडेस्क चालू करा, नंबर सांगा.’ आपण सांगतो. काम झालं की ते बंद करायचं राहून जातं. याच अॅपच्या आडून लोकांची खाती रिकामी होतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. तिथे विषय मोबाईल फोनचा होता, पण संगणकाला वेगळा न्याय नाही. दुरुस्तीवाल्यांचा गट एरवी पूर्ण बंद असावा. सोसायटीने आपणहून फोन केला तर दोन तासांसाठी उघडावा, आणि वेळ संपली की आपोआप बंद व्हावा.

भिंत कशी घालायची?

नावं वहीत लिहून गट होत नाहीत. साध्या राऊटरमध्ये निदान ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असते. ते चालू केलं की पाहुण्यांना इंटरनेट मिळतं, पण आतले संगणक दिसत नाहीत. ‘गेस्टला लोकल नेटवर्क दिसू द्यायचं का’ अशी एक खूण तिथे असते, ती काढलेली आहे ना एवढं बघायचं. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि त्याला एक रुपया लागत नाही. तरीही आपल्या भागातल्या बहुतेक ऑफिसांत ते झालेलं नसतं.

पाच-सहा गट खरोखर वेगळे ठेवायचे तर व्हीलॅन नावाची सोय लागते. एकाच वायरीतून जाणाऱ्या माहितीवर गटाचा शिक्का मारायचा आणि एका शिक्क्याची माहिती दुसऱ्याकडे जाऊ द्यायची नाही, एवढाच तिचा अर्थ. त्यासाठी साधा नाही, तर ‘मॅनेज्ड’ प्रकारचा स्विच आणि मध्ये एक फायरवॉल लागते. फायरवॉल विकतही मिळते, आणि पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्ससारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं जुन्या संगणकावर चढवूनही होते. फुकट म्हणजे सॉफ्टवेअर फुकट, ते जाणणारा माणूस फुकट नाही, हे संचालक मंडळाच्या बैठकीत आधीच स्पष्ट सांगावं.

गटात माणूस ओळखायचा कसा, हा पुढचा प्रश्न. काही ठिकाणी प्रत्येक यंत्राला असलेल्या मॅक नंबरवरून ओळखतात. संगणकासाठी ठीक, पण मोबाईलसाठी हे आता निरुपयोगी आहे. अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला स्वतःचा खोटा नंबर सांगतात, आणि ते ग्राहकाच्या खासगीपणासाठी मुद्दाम केलेलं आहे. एकच सामाईक पासवर्डही कामाचा नाही. नोकरी सोडून गेलेल्या माणसाला तो पाठ असतो. प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड, हाच खरा उपाय. एक माणूस गेला की त्याचं एक खातं बंद, बाकीच्यांना धक्का नाही.

धोरणात काय लिहायचं?

प्रत्येक गटासाठी चार गोष्टी ठरवाव्या लागतात : कुठे जायचं, कधी जायचं, किती वापरायचं आणि नोंद काय ठेवायची. यातली पहिली सर्वात किचकट, म्हणून तिथेच थोडं थांबू.

दोन रस्ते आहेत. सगळं उघडं ठेवून नको ते बंद करायचं, किंवा सगळं बंद ठेवून हवं ते उघडायचं. पाहुण्यांसाठी पहिला, कॅश काउंटरसाठी दुसरा. कॅशियरला लागणाऱ्या जागा मोजून पाच-सहाच असतात : बँकिंग सॉफ्टवेअरचा सर्व्हर, सोसायटीचं खातं असलेल्या बँकेचं नेट बँकिंग, अँटिव्हायरस आणि विंडोजचे अपडेट, घड्याळाची वेळ देणारा सर्व्हर. बाकी साऱ्या जगाची तिथे गरज नाही. अजून विंडोज १० वर, किंवा त्याहून जुन्यावर, चालणारे संगणक आपल्याकडे भरपूर आहेत. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. असा संगणक लगेच बदलता येत नसेल, तर त्याला या आवळलेल्या गटात ठेवणं हे किमान.

पण कागदावर सोपं दिसणारं हे पहिल्या दिवशी हमखास फसतं. कारण आजकालची एक वेबसाइट म्हणजे एक जागा नसते. नेट बँकिंगचं पान उघडलं की कॅप्चाचं चित्र एका सर्व्हरवरून, अक्षरं दुसऱ्यावरून, ओटीपीची खिडकी तिसऱ्यावरून येते. तुम्ही फक्त बँकेचं नाव यादीत घातलंत तर पान अर्धंच उघडतं, बटण दाबलं जात नाही आणि काउंटरवर रांग वाढते. म्हणून आधी दोन आठवडे काहीच बंद करू नका. फायरवॉलला फक्त बघायला आणि लिहून ठेवायला सांगा : कॅशियरचा संगणक दिवसभरात कुठे-कुठे जातो. ती यादी वाचा, कामाची नावं निवडा, मग बंद करा. या दोन आठवड्यांत महिनाअखेर येईल असं बघा, कारण काही पोर्टलं महिन्यातून एकदाच लागतात. आणि मार्चमध्ये या कामाला हात लावू नका. मार्च एंडला नेटवर्कवर प्रयोग करणाऱ्याला कुठलीही सोसायटी माफ करत नाही.

दुसरी खोच नियमांच्या क्रमाची. बहुतेक फायरवॉल नियम वरून खाली वाचते आणि जो पहिला जुळेल तो लावून थांबते. वर ‘सगळं बंद’ आणि खाली ‘जीएसटी पोर्टल चालू’ असं लिहिलं तर जीएसटीपर्यंत ती कधी पोहोचतच नाही. विशिष्ट नियम वर, सरसकट नियम सर्वात खाली. काही यंत्रणांत मात्र ‘बंद’ कुठेही लिहिलेला असला तरी तोच जिंकतो. विंडोजच्या फोल्डर-परवानग्यांत साधारण असंच होतं. आपल्या यंत्रात कोणती रीत आहे, हे बसवणाऱ्याला विचारून लिहून ठेवा.

यातूनच पुढचा गुंता. शनिवारी कॅशियर रजेवर, तेव्हा कर्जाची क्लार्क काउंटरवर बसते. मग तिला दोन्ही गटांत घातलं जातं. सोमवारी काढायचं राहतं. वर्षभराने तिच्याकडे दोन्हींच्या किल्ल्या, वसुलीत चार महिने काढले म्हणून तिथलीही. अशी माणसं प्रत्येक ऑफिसात असतात, आणि ती बहुधा सर्वात विश्वासू असतात. त्यांच्यावर संशय म्हणून नव्हे, तर त्यांचा पासवर्ड कुणाच्या हाती लागला तर एकदम सगळंच उघडतं, म्हणून हे टाळायचं. काउंटरवरच्या कामासाठी तिला वेगळं नाव द्यावं, त्या दिवशी तेच वापरावं.

वेळेची बंधनं सोपी : कॅश काउंटरचं नेट सकाळी ऑफिस उघडायच्या थोडं आधी सुरू, संध्याकाळी हिशेब जुळल्यावर बंद. रात्री दोन वाजता काउंटरच्या संगणकाला इंटरनेटवर काय काम? रात्रीचा बॅकअप जात असेल तर तेवढा सर्व्हर वगळायचा. वेगाची मर्यादा पाहुण्यांना घालावी, नाहीतर एकाच पोराच्या क्रिकेट मॅचपायी पासबुक प्रिंटिंग अडतं.

व्हॉट्सअॅपचं काय?

धोरणाची चर्चा कुठेही निघाली की पहिला ठराव येतो, ऑफिसात व्हॉट्सअॅप बंद. माझ्या मते हा ठराव करू नये, कारण तो पाळला जात नाही. सभासद आधार कार्डाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो, संचालकांच्या बैठकीची सूचना त्यावर जाते, वकील नोटिशीचा मसुदा त्यावरच पाठवतो. तुम्ही नेटवर्कवर बंद केलं तर कर्मचारी स्वतःच्या मोबाईलचं हॉटस्पॉट चालू करून संगणक त्याला जोडतो. झालं! आता तुमची फायरवॉल, गट, नियम सगळं बाजूला राहिलं आणि काउंटरचा संगणक थेट बाहेरच्या जगाशी जोडला गेला. जास्त कडक नियमाने नेटवर्क असं जास्त उघडं पडतं.

त्यापेक्षा ऑफिसचा एकच नंबर ठेवा, एकाच संगणकावर, आणि तो संगणक स्वतंत्र गटात. आलेली कागदपत्रं तिथे उघडून, तपासून मगच पुढे जातील. आणि कॅशच्या संगणकातलं वाय-फायच बंद करून टाका, तो वायरनेच चालू द्या. म्हणजे हॉटस्पॉटला जोडायची सोयच राहत नाही.

नको त्या साइट्स गाळण्याचं म्हणाल तर छोट्या जागेसाठी सोपा उपाय आहे. राऊटरमध्ये डीएनएसच्या जागी क्लाउडफ्लेअरचे १.१.१.३ आणि १.०.०.३ हे आकडे घातले की धोकादायक आणि अश्लील म्हणून नोंद झालेल्या साइट्स बऱ्याच प्रमाणात उघडत नाहीत. पैसे लागत नाहीत. इंदूर, वडोदऱ्याकडच्या मराठी मंडळांची वाचनालयं, मुलांच्या अभ्यासिका यांना एवढं बरंच झालं. व्हीपीएन वापरणारा यातून निसटतो, ब्राउझरचं स्वतःचं डीएनएस चालू असेल तरी निसटतो. पण चुकून भलतीकडे जाणारे तरी वाचतात.

चेअरमन साहेबांचा लॅपटॉप

नियम ठरतात, बैठकीत टाळ्या वाजतात, आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो : साहेबांच्या लॅपटॉपला तेवढं सगळं उघडं ठेवा. मग व्हाइस चेअरमनना. मग त्यांच्या जावयाला, कारण ते आयटीत आहेत. आठवड्याभरात एक नवाच गट तयार होतो, त्याला नाव नसतं, पण त्यात सर्वात जास्त अधिकार आणि सर्वात कमी संगणकाची सवय असलेली माणसं असतात. हल्लेखोराला याहून चांगला गट कुठे मिळणार?

संचालकांना इंटरनेट मोकळं हवं असेल तर जरूर द्यावं, पण पाहुण्यांच्या गटातून. हवं तर वेग जास्त द्या. ठेवी आणि कर्जाचे अहवाल बघायचे असतील तर ऑफिसच्या संगणकावर, फक्त वाचता येतील अशा परवानगीने. संचालकाला नोंद बदलायचा अधिकार कामात कधी लागतच नाही. हे सांगायची हिंमत मॅनेजरला एकट्याला होत नाही, आणि ती त्याच्याकडून अपेक्षितही नसावी. म्हणून धोरण हा मंडळाचा ठराव असावा, इतिवृत्तात लिहिलेला, आणि अपवाद करायचा तर तोही ठरावानेच, मुदत घालून.

हे सगळं भीती घालायला लिहितोय असं वाटत असेल तर दोन घटना आठवा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि तिच्या सेवेवर चालणाऱ्या देशातल्या जवळपास ३०० छोट्या बँकांचे ऑनलाइन व्यवहार थांबले, त्यात सहकारी बँका मोठ्या संख्येने होत्या. त्या हल्ल्यांची कारणं वेगळी होती, भिंतीवरचा वाय-फाय पासवर्ड नव्हे. पण दुसऱ्या घटनेत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने पहिलं पाऊल काय उचललं? सी-एजला आपल्या नेटवर्कपासून वेगळं काढलं, आग बाकीच्यांकडे जाऊ नये म्हणून. देशाच्या पातळीवर जे त्या रात्री करावं लागलं, ते सोसायटीच्या पातळीवर आधीच करून ठेवायचं, एवढीच ही गोष्ट.

नोंद नसेल तर कोण अडकतं?

समजा, पोलिसांच्या सायबर विभागाचं पत्र आलं : अमुक तारखेला दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी तुमच्या इंटरनेट जोडणीवरून एका फसवणुकीच्या खात्यात लॉगिन झालं आहे. ब्रॉडबँड कंपनीकडे ग्राहक म्हणून नाव सोसायटीचं. बाहेरून बघताना आतले बाराही संगणक आणि पंचवीस मोबाईल एकाच आयपी पत्त्याने दिसतात. पत्र सेक्रेटरीच्या टेबलावर. आता ते कुणी केलं? सभासदाच्या फोनवरून, एजंटाच्या, की काउंटरवरून? सगळ्या संगणकांवर ‘ऑफिस’ हे एकच नाव आणि एकच पासवर्ड असेल तर उत्तर देता येत नाही. आणि उत्तर देता आलं नाही की बोट कुणाकडे जातं हे आपल्याला माहीत आहे. नवीन लागलेल्या, कंत्राटावरच्या, सर्वात कमी पगाराच्या पोराकडे. संगणक येतो ना त्याला! वेगळी खाती आणि नोंदी या अशा वेळी त्या पोराच्या बाजूच्या साक्षीदार असतात. कर्मचाऱ्यांना धोरण समजावताना ही बाजू आधी सांगावी. पाळत ठेवायला हे चाललंय असं त्यांना वाटलं तर ते पळवाटा शोधतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

कायदाही आता नोंदी मागतो. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे संस्थांनी आपल्या यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस, भारतातच, जपायच्या आहेत. ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. यंत्रांची घड्याळं सरकारी वेळ-सर्व्हरशी जुळवायची आहेत. शेवटची अट किरकोळ वाटते, पण डीव्हीआर दहा मिनिटं मागे आणि फायरवॉल सात मिनिटं पुढे असेल तर ३ वाजून ४० मिनिटांनी काउंटरवर कोण होतं हे सिद्ध कसं करणार? वर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सभासदांची माहिती जपण्यासाठी वाजवी काळजी न घेतल्यास कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. एवढा दंड छोट्या सोसायटीला होईल असं कुणी म्हणत नाही, पण ‘वाजवी काळजी’ म्हणजे काय केलंत, असं विचारल्यावर दाखवायला काहीतरी हवं.

नोंदीत काय दिसतं हेही कर्मचाऱ्यांना स्पष्ट सांगावं. आजच्या बहुतेक साइट्स एचटीटीपीएसवर चालतात. त्यामुळे कुणी कुठल्या साइटवर, किती वाजता गेलं हे दिसतं, तिथे काय वाचलं किंवा लिहिलं ते दिसत नाही. तेही बघता येईल अशी सोय विक्रेते देऊ करतात : प्रत्येक संगणकात एक प्रमाणपत्र घालायचं की सगळा मजकूर उलगडतो. छोट्या संस्थेने ते घेऊ नये, असं मला वाटतं. स्टाफने जेवणाच्या सुट्टीत स्वतःचं नेट बँकिंग उघडलं तर त्याचाही मजकूर तुमच्या यंत्रात येणार, आणि तो सांभाळायची जबाबदारी तुमचीच.

धोरण कागदावर एका पानाचं असावं, आणि कर्मचाऱ्यांना जी भाषा वाचता येते त्या भाषेत. आपल्याकडे म्हणजे मराठी आणि कन्नड, दोन्हीत. इंग्रजीतून उतरवलेलं बारा पानी धोरण सही करून फाइलला लागतं, ते वाचत कुणीच नाही. ज्या मल्टिस्टेट सोसायट्यांची एक शाखा निपाणीत आणि दुसरी कागल-गडहिंग्लजला आहे, त्यांनी दोन्हीकडे गटांची नावं आणि नियम एकच ठेवावेत. बदली होऊन आलेल्या माणसाला इकडे वेगळा आणि तिकडे वेगळा कायदा असं वाटायला नको, तेवढा अनुभव सीमाभागातल्या माणसाला इतर बाबतीत पुरेसा आहे.

सभासदांना वाय-फाय द्यायचंच असेल तर भिंतीवरच्या पासवर्डापेक्षा मोबाईल ओटीपीने आत घेणारं पान चांगलं. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत साधा दुकानदारही परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो. कोण जोडलं याची ओळख आणि नोंद मधली कंपनी सांभाळते. फक्त त्यासाठी जोडणी वेगळी घ्यावी, कॅश काउंटरची नव्हे.

एकदा गट पाडले की दर सहा महिन्यांनी गटांची यादी छापून मंडळापुढे ठेवावी : कुठल्या गटात कोण, कुठला अपवाद कधीपासून. सोडून गेलेल्यांची नावं तिथे हमखास सापडतात. आणि आजच्या आज एक गोष्ट विचारून बघा, तुमच्या सोसायटीच्या राऊटरचा आणि फायरवॉलचा मुख्य पासवर्ड कुणाकडे आहे? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, ‘ते बसवून गेलेल्या पोराकडे.’ तो आता कुठे असतो, हे कुणाला ठाऊक नसतं. त्याला शोधून काढा, पासवर्ड बदलून घ्या, आणि नवा पासवर्ड बंद पाकिटात, दोन सह्या करून, तिजोरीत दुसऱ्या किल्लीशेजारी ठेवा.